नाक नसलेली सीट : सायकलवरून गस्त घालणाऱ्या पोलिसांच्या बधिरपणाचा प्रकरण अभ्यास

परिस्थिती

अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहराच्या पोलिस दलाने १९८७ मध्ये माउंटन बाइकवरून गस्त सुरू केली. भर वस्तीत जिथे पोलिसांची मोटार वाहतुकीच्या कोंडीत अडकून पडत होती, तिथे सायकलवरचा शिपाई गल्लीबोळातून आधी पोचतो, जाता-येता लोकांशी त्याचे बोलणे होते आणि गुन्हेगाराला त्याची चाहूल लागत नाही, हे लवकरच ध्यानात आले. पुढच्या दशकात अनेक अमेरिकी शहरांनी ही पद्धत उचलली आणि दिवसाचे कित्येक तास सायकलच्या सीटवर काढणारा एक नवा नोकरदार वर्ग तयार झाला. या कामाबरोबर एक त्रासही आला. गस्तीच्या दरम्यान किंवा पाळी संपवून उतरल्यावर जननेंद्रियांच्या भागात मुंग्या येणे, तो भाग बधिर होणे, लघवीला उभे राहिल्यावर हाताला स्पर्श कळावा पण त्या अवयवाला कळू नये, अशा या तक्रारी होत्या. पाठ दुखते म्हणून साहेबांकडे जाणारा माणूस असल्या तक्रारीसाठी जात नाही. त्यामुळे हा त्रास बराच काळ आपापसांतल्या बोलण्यातच राहिला.

तो सरकारी कागदावर आला तो अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्य संस्थेमुळे. ही संस्था तिच्या आद्याक्षरांवरून ‘नायॉश’ या नावाने ओळखली जाते. कामाच्या ठिकाणी आरोग्याला धोका असल्याची शंका आली, तर कामगार, त्यांची संघटना किंवा मालक यांपैकी कोणीही या संस्थेकडे तपासणीची मागणी करू शकतो, आणि संस्थेचे शास्त्रज्ञ प्रत्यक्ष जाऊन पाहणी करतात. कॅलिफोर्नियातील लाँग बीच शहराच्या सायकल पोलिसांची पाहणी २००० च्या सुमारास याच व्यवस्थेतून झाली. रासायनिक कारखान्यातली वाफ, खाणीतली धूळ, यंत्राचा आवाज असल्या धोक्यांची मोजणी करण्यासाठी उभारलेल्या यंत्रणेने सायकलच्या सीटलाही त्याच गांभीर्याने तपासायला घेतले, यातच या प्रकरणाचे मोल आहे असे मला वाटते. तक्रार कोणत्या अवयवाची आहे यावरून तिची लायकी ठरवली गेली नाही.

पोलिसांची सायकल आणि हौशी सायकलपटूची सायकल दिसायला सारखी असली, तरी त्यांचा वापर फार वेगळा असतो. शर्यतीत जोरात पेडल मारणाऱ्या माणसाचे बरेचसे वजन पायांवर तोललेले असते; पाय जितक्या जोराने खाली दाबावा तितका धडावरचा भार सीटवरून उचलला जातो. गस्तीवरचा शिपाई मात्र चालणाऱ्या माणसापेक्षा थोडा वेगात, जवळपास जोर न लावता, इकडेतिकडे पाहत जात असतो. त्याचे जवळजवळ सगळे वजन सीटवर पडते. त्यात कमरेच्या पट्ट्याला पिस्तूल, बेड्या, वायरलेस आणि अंगावर संरक्षक जाकीट असते, म्हणजे वजनात आणखी भर पडते. चढ नसल्याने उभे राहून सायकल चालवण्याचा प्रसंगही कमीच येतो. शिवाय ही सायकल खात्याने दिलेली असते. सीट आपल्या शरीराला बसते की नाही, हे शिपायाला कोणी विचारलेले नसते.

पहिली तपासणी

नायॉशमधील प्रजनन-शरीरशास्त्राचे संशोधक स्टीव्हन श्रेडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायकलवर गस्त घालणारे १७ पोलिस आणि सायकल न चालवणारे ५ पुरुष यांची तुलना केली. तिचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. सायकलवरचे पोलिस दिवसाला सरासरी ५.४ तास सायकलवर असत. त्यांच्या सीटवर दाब मोजणारी पातळ चादर पसरण्यात आली. तिच्यात बारीक बारीक संवेदक असतात आणि माणूस बसून पेडल मारू लागला की सीटच्या कोणत्या भागावर किती भार येतो, याचा नकाशा संगणकावर उमटतो.

दुसरे मोजमाप अधिक खासगी होते. निरोगी पुरुषाला झोपेत, विशेषतः स्वप्नांच्या टप्प्यांत, रात्रीतून अनेकदा आपोआप ताठरता येते. तिच्यावर मनातल्या चिंतेचा, जोडीदाराशी असलेल्या नात्याचा किंवा लाजेचा प्रभाव फारसा पडत नसल्यामुळे रक्तवाहिन्या आणि नसा ठीक आहेत की नाहीत, हे पाहण्याचा तो बऱ्यापैकी निःपक्ष मार्ग मानला जातो. त्यासाठी रिजीस्कॅन नावाचे उपकरण वापरतात. त्याचा छोटा डबा मांडीला बांधतात आणि त्यातून निघणारी दोन वेढी शिश्नाच्या मुळाशी व टोकाजवळ बसवतात; ती रात्रभर ठरावीक वेळाने हलकेच आवळून घेर आणि कडकपणा यांची नोंद करतात. पोलिसांनी हे उपकरण लावून झोपायचे होते. लाजेचा विषय म्हणून ज्याची तक्रार कोणी करत नव्हते, त्याच गोष्टीची रात्रभर यंत्राने नोंद घेऊ द्यायला ही माणसे तयार झाली, यावरून त्रास किती खरा होता ते कळते.

सायकल चालवणाऱ्या गटात झोपेतला ताठरतेचा काळ दुसऱ्या गटापेक्षा कमी भरला. तो कमी असण्याचा संबंध सीटच्या पुढच्या भागावर येणाऱ्या दाबाशी आणि सायकलवर काढलेल्या वेळेशी दिसला. तुलनेसाठी फक्त पाच माणसे होती, हे या अभ्यासाचे उघड दुबळेपण आहे आणि त्यावरून सायकल चालवणारा प्रत्येक पुरुष संकटात आहे असे म्हणणे चुकीचे ठरेल. परंतु दाब आणि परिणाम यांचा धागा एकदा हाती आला की पुढचा प्रश्न सोपा होतो : हा दाब नेमका कुठे पडतो, आणि तो काढून टाकता येतो का?

शरीरात काय होते

आपण खुर्चीवर किंवा पाटावर ताठ बसतो तेव्हा धडाचे वजन ओटीपोटाच्या हाडांच्या तळाशी असलेल्या दोन उंचवट्यांवर येते. ढुंगणाखाली हात घालून बसले की ते बोटांना सहज लागतात. बैठकीची ही हाडे वजन पेलण्यासाठीच आहेत. त्यांच्यावर मांसल गादी आहे आणि त्यांच्या नेमक्या टोकाखालून महत्त्वाची रक्तवाहिनी किंवा नस जात नाही. वृषण आणि गुदद्वार यांच्यामधली जागा, जिला वैद्यकात पेरिनियम म्हणतात, ती मात्र वजन घेण्यासाठी नाही. शिश्नाला संवेदना देणारी प्युडेंडल नस बैठकीच्या हाडाच्या आतल्या बाजूने एका अरुंद बोगद्यातून पुढे येते, त्याच वाटेने शिश्नाला रक्त पुरवणारी धमनी येते, आणि दोघी पुढे जांघेच्या हाडाच्या कमानीला लगटून जातात. शिश्न बाहेर दिसते तेवढेच नसते. ताठरतेसाठी रक्ताने भरणाऱ्या त्याच्या दोन नळ्यांची मुळे शरीराच्या आत, याच हाडांच्या कडांना चिकटलेली असतात.

सायकलच्या नेहमीच्या सीटला पुढे एक लांब, निमुळते नाक असते. हँडल धरायला माणूस पुढे वाकला की ओटीपोटाचा सांगाडा पुढच्या बाजूला कलतो, बैठकीच्या हाडांवरचा भार कमी होतो आणि वजन त्या नाकावर, म्हणजे थेट पेरिनियमवर सरकते. खाली सीटचे कडक नाक आणि वर जांघेचे हाड, यांच्यामध्ये नस आणि धमनी दोन्ही दाबल्या जातात. नस दबली की बधिरपणा येतो, धमनी दबली की रक्त कमी पोचते. मांडी घालून बराच वेळ बसल्यावर पायाला मुंग्या येतात तेव्हा आपण पाय मोकळा करतो. सायकलवर मात्र माणूस तसाच पुढे जात राहतो, कारण तिथे मोकळे करण्यासाठी थांबणे किंवा उभे राहणे लागते, आणि बधिर झालेला भाग दुखतही नाही. हीच यातली खरी अडचण आहे. दुखणे माणसाला थांबवते. बधिरपणामुळे त्रास संपल्यासारखा वाटतो, आणि नस दबलेली असण्याचा सगळ्यात वाईट काळ सगळ्यात शांतपणे निघून जातो.

रक्तपुरवठा किती घटतो, याचे मोजमाप जर्मनीत झाले होते. २० निरोगी पुरुषांना वेगवेगळ्या सीटांवर बसवून शिश्नाच्या त्वचेतील प्राणवायूचा दाब मोजणारा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. अरुंद आणि जाड गादीच्या सीटवर हा दाब ८२.४ टक्क्यांनी उतरला. रुंद, गादी नसलेल्या चामडी सीटवर ६३.६ टक्क्यांनी, आणि रुंद, मध्यम गादीच्या, नाक नसलेल्या सीटवर केवळ २०.३ टक्क्यांनी. सगळ्यांत मऊ सीट सगळ्यांत वाईट ठरली, हे वाचून पहिल्यांदा आश्चर्य वाटते. पण कारण साधे आहे. जाड, मऊ गादीत बैठकीची हाडे खाली रुतून जातात आणि त्यांच्यामधली गादी वर उचलली जाऊन नेमक्या पेरिनियममध्ये घुसते. आपल्याकडे सायकलच्या दुकानात बधिरपणाची कुजबूज केली की दुकानदार पहिल्यांदा जेलचे कव्हर काढून दाखवतो, आणि ते घेणारा महिनाभराने म्हणतो की फरक पडला नाही. फरक पडण्यासारखे त्यात काही नसते.

श्रेडर यांच्या गटाने पुढे, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ३३ सायकल पोलिसांवर वेगवेगळ्या घडणीच्या सीटांचा दाब मोजला. लांब नाकाच्या खेळाच्या सीटवर पेरिनियमवरचा दाब नाक नसलेल्या सीटच्या तुलनेत निदान दुप्पट भरला. त्यामुळे पुढच्या चाचणीत नेमके काय बदलून पाहायचे, हे ठरले.

सहा महिन्यांची चाचणी

अमेरिकेच्या पाच महानगर भागांतले ९० सायकल पोलिस या चाचणीत सहभागी झाले. २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाची आखणी सरळ होती. आधी नेहमीच्या सीटवर सगळी मोजमापे घ्यायची, मग सीट बदलून नाक नसलेली बसवायची, सहा महिने तीच वापरून नेहमीचे काम करायचे आणि पुन्हा सगळी मोजमापे घ्यायची. सीटवरचा दाब, लैंगिक कार्याविषयीची प्रमाणित प्रश्नावली आणि रात्रीची रिजीस्कॅन नोंद यांच्या जोडीला शिश्नाची संवेदनक्षमता मोजण्यासाठी बायोथेसिओमीटर हे कंप देणारे उपकरण वापरले. त्याची लहानशी कळ त्वचेला टेकवतात, कंप अगदी शून्यापासून हळूहळू वाढवतात आणि ‘आता जाणवले’ असे माणूस म्हणाला की तो आकडा टिपतात. नस जितकी सुस्त, तितका मोठा कंप लागतो. मधुमेहामुळे पायाच्या नसांवर परिणाम झाला आहे का, हे पाहण्यासाठीही हेच यंत्र वापरतात.

चाचणीच्या सुरुवातीला ७३ टक्के पोलिसांना जननेंद्रियांच्या बधिरपणाचा त्रास होत होता. सहा महिन्यांनी हे प्रमाण १८ टक्क्यांवर आले. पेरिनियमवरचा दाब ६६ टक्क्यांनी, म्हणजे दोन तृतीयांशाने घटला. कंपाची संवेदना सुधारली आणि प्रश्नावलीतील लैंगिक कार्याचे गुणही वाढले. चाचणी पुरी करणाऱ्यांपैकी ९७ टक्के जणांनी नंतरही नाक नसलेली सीटच वापरणे पसंत केले.

रिजीस्कॅनची रात्रीची नोंद मात्र सुधारली नाही. संशोधकांनी ते लपवले नाही. सावरायला सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ लागत असावा, असा अंदाज त्यांनी मांडला. हा अंदाज खरा असू शकतो. मला या ठिकाणी थोडे थांबावेसे वाटते, कारण वर्षानुवर्षे दबलेल्या रक्तवाहिनीचे काय होते याविषयी या चाचणीतून खात्रीचे उत्तर मिळत नाही, आणि सगळ्या आकड्यांपैकी हाच एक आकडा माणसाच्या अपेक्षांपासून सर्वांत मुक्त होता. बधिरपणाचा त्रास सांगणे, प्रश्नावली भरणे, ‘आता जाणवले’ म्हणणे या तिन्हींत माणसाच्या मनाचा थोडा हात असतो. नवी सीट मिळाली आहे, ती चांगली आहे असे सांगितले गेले आहे, तेव्हा उत्तरे थोडी उजळ येणे स्वाभाविक आहे. जुन्याच सीटवर राहिलेला तुलनेचा गटही या चाचणीत नव्हता. तरी दाबातली घट ही यंत्राने मोजलेली आहे, बधिरपणाचे ७३ वरून १८ वर येणे हे केवळ उत्साहाने होण्याइतके लहान नाही, आणि शरीररचनेवरून जे अपेक्षित होते तेच झाले आहे. या तीन गोष्टी एकत्र पाहिल्या की बधिरपणाविषयीचा निष्कर्ष मी पक्का मानतो. ताठरतेविषयीचा तितका पक्का मानत नाही.

चाचणी सुरू होण्याआधी एक शंका मोठी होती. सायकल चालवताना मांड्या सीटच्या नाकाला टेकतात आणि त्या आधाराने माणूस सायकल वळवतो, तोल सांभाळतो. पोलिसाला तर गर्दीतून अगदी हळू जावे लागते, एका हाताने हँडल धरून दुसऱ्या हाताने वायरलेसवर बोलावे लागते, पायऱ्यांवरून उतरावे लागते. नाक काढून टाकले तर तो पडणार नाही का? व्यवहारात थोड्या अपवादांखेरीज सगळ्यांना आपले काम या सीटवर नीट करता आले. सुरुवातीचे काही दिवस मात्र सवयीत जातात. माणूस पुढे घसरतो आहे असे वाटते, तो हातांवर भार घेतो आणि मनगटे दुखू लागतात. सीटचा कल आणि उंची पुन्हा जुळवली की हे बहुधा थांबते. नाक नसलेली सीट नुसती खोलून बसवली आणि चार दिवसांत कंटाळून काढून टाकली, असे अनेकदा होते, ते या जुळवणीकडे दुर्लक्ष केल्यामुळे.

नायॉशने २००९ मध्ये, कामासाठी सायकल वापरणाऱ्यांना नाक नसलेली सीट वापरण्याची शिफारस केली. व्यावसायिक आरोग्यशास्त्रात एक जुना क्रम आहे : धोका आधी मुळापाशी काढून टाकावा, ते शक्य नसेल तर कामाची रीत बदलावी, आणि माणसाच्या अंगावर संरक्षक वस्तू चढवणे हा शेवटचा उपाय मानावा. कारखान्यात आवाज करणारे यंत्र दुरुस्त न करता कामगाराच्या कानात बोळे घालणे आपण चुकीचे मानतो. सायकलच्या बाबतीत गादीची चड्डी हे ते कानातले बोळे आहेत. ती घर्षण कमी करते, त्वचा सोलवटू देत नाही, त्यासाठी ती जरूर वापरावी, पण नसेवरचा दाब ती हटवू शकत नाही. दाब सीटमुळे येतो, म्हणून बदलायची ती सीट. पोलिसाच्या शरीराने सीटशी जुळवून घ्यावे, ही अपेक्षाच या प्रकरणात मोडीत निघाली, आणि ती मोडीत निघायला हवीच होती.

निष्कर्ष कुठवर न्यावेत

पोलिसांच्या प्रकरणावरून सर्वसामान्य सायकलस्वाराने घाबरून जावे असे नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत सायकल आणि नपुंसकत्व यांविषयी बराच गाजावाजा झाला आणि त्याची छाया अजून लोकांच्या मनावर आहे. नॉर्वेत ५४० किलोमीटरच्या ट्रॉनहाइम ते ऑस्लो या शर्यतीनंतर १६० पुरुषांना विचारून केलेल्या, १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २२ टक्क्यांनी या भागातील नसांशी संबंधित लक्षणे सांगितली आणि १३ टक्क्यांनी ताठरतेची अडचण सांगितली. पण ती अडचण एक महिन्यापेक्षा जास्त काळ टिकलेले पुरुष तिघेच होते. ५४० किलोमीटर एका दमात जाणाऱ्यांची ही गोष्ट आहे.

पुढे मोठे अभ्यास झाले तसे चित्र अधिक निवळले. ब्रिटनमध्ये ५,२८२ सायकलस्वार पुरुषांच्या पाहणीत, २०१४ मध्ये, सायकलवरचा वेळ आणि ताठरतेची समस्या यांचा संबंध आढळला नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुदेशीय अभ्यासात २,७७४ सायकलस्वारांची तुलना ५३९ जलतरणपटू आणि ७८९ धावपटूंशी केली, तेव्हाही सायकलस्वारांचे लैंगिक किंवा मूत्रविषयक आरोग्य वाईट दिसले नाही. त्यांना बधिरपणा मात्र होत होता. वीस टक्क्यांहून अधिक वेळ उभे राहून सायकल चालवणाऱ्यांत तो बराच कमी होता, आणि हँडल सीटपेक्षा खाली ठेवणाऱ्यांत जास्त होता.

या पाहण्यांत ज्यांना त्रास झाला म्हणून सायकल सोडावी लागली, ते आधीच बाहेर पडलेले असतात, हे लक्षात ठेवावे लागते. पाहणीपर्यंत सायकल चालवत राहिलेले बहुतेक ठीकच असणार. म्हणून पोलिसांचे प्रकरण मला अधिक बोलके वाटते. नोकरीत माणूस सीट आवडली नाही म्हणून सायकल सोडत नाही. तो रोज पाच तास त्यावर बसतोच.

स्त्रियांनाही सीटच्या दाबाचा त्रास होतो. त्यांच्या शरीररचनेनुसार त्याचा वेगळा विचार करायला हवा. पोलिसांच्या या अभ्यासांतून तो पुढे आलेला नाही.

आपल्याकडे

महाराष्ट्रात सायकलवर पोट असणारी माणसे कमी नाहीत. मुंबईचे डबेवाले स्टेशनपासून कचेऱ्यांपर्यंत डब्यांनी लादलेली सायकल नेतात. गावोगावी दूध आणि वर्तमानपत्रे सायकलवरून जातात. आता शहरांत जेवणाची पार्सले पोचवणारी मुलेही सायकल वापरतात. यांतल्या अनेकांकडे हर्क्युलस, अ‍ॅटलस अशा धाटणीची जुनी उभी सायकल असते. तिच्यावर माणूस ताठ बसतो आणि सीट मागे रुंद असते, त्यामुळे बैठकीच्या हाडांवर भार राहायला मदत होते. पण तिलाही नाक आहेच, आणि सीट घसरून पुढून वर उचललेली असली तर ताठ बसण्याचा फायदा उरत नाही. मागच्या बाजूची स्प्रिंग तुटलेली, पुढचे नाक आभाळाकडे, अशा सीटवर वर्षानुवर्षे काम करणारा माणूस आपल्याला बधिरपणा येतो हे कोणाला सांगणार? कामगाराच्या आरोग्याचा आपला विचार अजून कारखान्याच्या फाटकापाशी थांबतो, आणि रस्त्यावर काम करणाऱ्याला तक्रार नेण्यासाठी लाँग बीचच्या पोलिसांसारखे दारच नाही. ही गोष्ट मला मनापासून सलते.

दुसरा गट हौसेने लांब पल्ला गाठणाऱ्यांचा आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पुरी केल्यावर आपल्याकडे या खेळाची ओढ आणखी वाढली. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर इथे ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, चालवणारे आता शेकड्यांनी आहेत. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर ४० तासांत पुरे करायचे, म्हणजे सीटवरचा वेळ पोलिसांच्या पाळीपेक्षा कितीतरी जास्त. या मंडळींत बधिरपणाविषयी बोलणे होते, पण ते बहुधा थट्टेत. सहन करणे हा या खेळाचा भाग मानला जातो. चढावर मांड्या पेटतात, ते सहन करावे; नस दबते, ते सहन करू नये, इतका फरक प्रत्येक नव्या स्वाराला पहिल्या ब्रेव्हेआधी सांगितला गेला पाहिजे.

सीट निवडण्यासाठी महागडी उपकरणे लागतातच असे नाही. कडक स्टुलावर खोक्याचा नालीदार पुठ्ठा ठेवावा, पायांखाली विटा किंवा पुस्तके ठेवून गुडघे थोडे वर घ्यावेत, थोडे पुढे वाकून मिनिटभर बसावे. उठल्यावर पुठ्ठ्यात दोन खळगे दिसतात. त्यांच्या मध्यबिंदूंमधले अंतर मोजून त्यात दोनएक सेंटिमीटर मिळवले की सीट मागे किती रुंद हवी याचा चांगला अंदाज येतो. त्यानंतर सीट पाणसळीने सपाट करावी. नाक वर उचललेले तर अजिबात नसावे, खाली अगदी किंचित कललेले चालते. सीट फार उंच असली तर प्रत्येक पेडलला कंबर डावी-उजवीकडे डुलते आणि पेरिनियम नाकावर घासला जातो, म्हणून उंची तपासावी. हँडल सीटच्या पातळीच्या खाली ठेवण्याचा हट्ट शर्यत न करणाऱ्याने सोडावा. दर दहा-पंधरा मिनिटांनी पेडलवर उभे राहून थोडे अंतर जावे. मध्यभागी खाच किंवा आरपार भोक असलेल्या सीटा काहींना मानवतात, काहींना त्या खाचेच्या कडाच टोचतात. हे बसून पाहिल्याशिवाय कळत नाही. एवढे करूनही बधिरपणा जात नसेल, किंवा रोज कित्येक तास सायकलवरच काम असेल, तर नाक नसलेली सीट हा पुढचा आणि सर्वांत खात्रीचा उपाय आहे.

सायकलवर आलेला बधिरपणा उतरल्यावर थोड्या वेळात जात असेल, तर सीट आणि बैठक सुधारणे पुरेसे असते. सायकल बंद ठेवूनही तो काही दिवस टिकत असेल, लघवीला अडथळा येत असेल, बसल्यावर त्या भागात जळजळ किंवा वेदना होत असेल किंवा ताठरतेत फरक जाणवत असेल, तर मूत्ररोगतज्ज्ञांकडे जावे. इथे एक सावधगिरी हवी. चाळिशीनंतरच्या पुरुषाला ताठरतेची अडचण आली आणि तो सायकल चालवत असेल, म्हणून सगळा दोष सीटवर टाकू नये. मधुमेह, रक्तदाब, वाढलेले कोलेस्टेरॉल आणि तंबाखू ही त्याची फार मोठी कारणे आहेत, आणि शिश्नाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक असल्यामुळे त्या आधी कुरकुर करू लागतात. हृदयविकाराची ती कित्येकदा आगाऊ सूचना असते. अशा माणसाने रक्तातली साखर आणि रक्तदाब आधी तपासून घ्यावा. सायकल सोडून घरी बसणे हा त्याच्या हृदयासाठी उलटा उपाय ठरेल. डॉक्टरांकडे जाताना आठवड्याला किती तास सायकल चालवतो, बधिरपणा किती वेळाने सुरू होतो, उतरल्यावर किती वेळ राहतो, हे कागदावर लिहून न्यावे आणि सायकलचा बाजूने काढलेला, सीटचा कल व हँडलची उंची दिसेल असा फोटो बरोबर ठेवावा. डॉक्टरांनी आपणहून सीटविषयी विचारले नाही, तर तो त्यांना दाखवावा.